चॉकलेटच्या जागी चॉकलेट

गेल्या नाताळच्या आधी आमच्या हातून एक चूक घडली. चूक तशी लहान होती; परंतु तिची किंमत गावातील घरोघरच्या वर्गणीतून भागवावी लागली, म्हणून ती येथे मोकळेपणाने सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शिवाय त्या चुकीपायी जे शिकावे लागले ते आमच्या वाचक भगिनींच्या, तसेच हल्ली ज्या घरांतून बंधुवर्गही केक भाजू लागला आहे त्यांच्याही, उपयोगी पडण्यासारखे आहे.

हकिकत अशी. आमच्या महिला मंडळाने ठरविले की, गावातील व भोवतालच्या वाड्यांवरील जे वृद्ध आणि आजारी लोक नाताळात घराबाहेर पडू शकत नाहीत, अशांच्या बारा घरी एकेक चॉकलेटचा केक पोचवावा. नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल घरोघरी होतातच; परंतु चॉकलेटचा केक वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. घरटी वर्गणी जमली. अमेरिकेत नोकरीस असलेल्या गावच्याच एका मुलीने तिकडील पुस्तकातून पाककृती उतरवून मोबाइलवर पाठविली. तीत दर केकला चार औंस, म्हणजे सुमारे ११२ ग्रॅम, 'साखर नसलेले चॉकलेट' घालावे असे स्वच्छ लिहिले होते. आम्हाला दुसऱ्या कामानिमित्त बेळगावला जावयाचेच होते. तेव्हा यादी आमच्या हाती आली.

दुकानात साखर नसलेले चॉकलेट मिळेना. दुकानदार म्हणाला, "फादर, तसलं कडू चॉकलेट कोण खाणार? आमच्याकडं येतच नाही." फळीवर दुधाच्या चॉकलेटच्या वड्या रचून ठेवलेल्या दिसत होत्या. आपल्या घरांतून कोणत्याही चॉकलेटला सर्रास 'कॅडबरी' म्हणण्याची जी चाल आहे, तिच्यातच लहानाचे मोठे झालेलो आम्ही. चॉकलेटच्या जागी चॉकलेटच तर घेत आहोत, असे मनाशी म्हणालो आणि बारा केकांच्या हिशेबाने १,३५० ग्रॅम वड्या बांधून घेतल्या. स्वस्त त्या नव्हत्याच.

२२ डिसेंबरच्या संध्याकाळी पहिले चार केक गावच्या बेकरीच्या भट्टीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कडा करपत आल्या होत्या आणि मध्यभाग खळग्यासारखा बसला होता. रंग चहात बुडविलेल्या बिस्किटाचा. चव पाहिली तर साखरेवाचून दुसरे काही जिभेला लागेना. भगिनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. कोणी भट्टीला दोष दिला, कोणी अंड्यांना.

त्या मंडळींत एक मावशी आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी पुण्यातील एका बेकरीत काढली. त्यांनी केकचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि आमच्याकडे वळून विचारले, "फादर, तुम्ही आणलेलं चॉकलेट गोड होतं काय?"

आम्ही म्हणालो, "मावशी, चॉकलेट गोडच असतं."

"कागदावर साखर नसलेलं म्हणून लिहिलं होतं ना?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मावशींनी मात्र आम्हाला अधिक लाज आणली नाही. त्यांनी बेकरीवाल्याकडे चौकशी केली. त्याच्यापाशी अर्धा किलो कोकोचा न फोडलेला डबा होता. लोणी दोन घरांतून आले. पाककृतीत ताक आहे ना, एवढे त्यांनी एकदा विचारून घेतले (या प्रश्नाचा अर्थ आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळला) आणि उरलेले आठ केक रात्री साडेअकरापर्यंत भाजून तयार झाले. ते फुगले होते, काळेभोर होते आणि चॉकलेटसारखे लागत होते. आठ घरी ते गेले. बाकीच्या चार घरी त्या वर्षी नेवऱ्यांवरच भागवावे लागले.

मावशींनी त्या रात्री केले काय, हे समजून घ्यावयाचे तर चॉकलेट कशाचे बनते तेथून आरंभ केला पाहिजे.

कोकोच्या झाडाच्या फळांतील बिया आंबवून, वाळवून व भाजून त्यांची टरफले काढतात आणि आतील गर दळतात. या गरात निम्म्याहून थोडी अधिक चरबी असते, त्यामुळे दळताना त्याचे पीठ न होता दाट, काळसर लगदा होतो. हा लगदा थिजविला की झाले साखर नसलेले चॉकलेट. इ. स. १८२८ मध्ये हॉलंडमधील व्हान हौटेन यांनी हा लगदा दाबयंत्रात पिळून त्यातील बरीचशी चरबी वेगळी काढण्याची युक्ती साधली. निघालेली चरबी म्हणजे कोकोचे लोणी, ज्यास व्यापारात कोको बटर म्हणतात. आणि राहिलेली पेंड दळली की कोकोची भुकटी. पुढे १८४७ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी फ्राय यांच्या कारखान्यात लगदा, साखर व कोकोचे लोणी एकत्र करून चावून खाण्याजोगी वडी करण्यात आली, आणि १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या दानिएल पीटर यांनी तीत दूध मिसळले. आज बाजारात जितके म्हणून चॉकलेटचे प्रकार दिसतात, त्या सर्वांचा जन्म या चार-पाच गोष्टींच्या कमीअधिक मिश्रणातून झाला आहे.

हे झाड आपल्यास सर्वस्वी परके आहे असेही नाही. कर्नाटकाच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांतून त्याची लागवड होते. १९७३ साली स्थापन झालेल्या 'कॅम्पको' या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना त्याच जिल्ह्यात पुत्तूर येथे १९८६ पासून आहे.

आता आमच्या चुकीचा हिशेब मांडू. पाककृतीला हवे होते ११२ ग्रॅम निव्वळ कोकोचा लगदा. आम्ही दिले ११२ ग्रॅम दुधाचे चॉकलेट. अशा वडीत साधारण निम्मी साखर असते. म्हणजे दर केकमध्ये आमच्याकडून न सांगता साडेचार मोठे चमचे साखर जास्त पडली. कोकोचा अंश वडीत तीस टक्के धरला तरी तो ३४ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि त्यातही बराचसा भाग कोकोच्या लोण्याचा. ज्या कोरड्या, कडवट कणांमुळे केकला रंग आणि चव येते ते जवळजवळ नाहीतच. उरलेली जागा दुधाच्या भुकटीने अडविलेली.

केक बसला तो यामुळेच. मिश्रणात साखर जास्त झाली की मैद्यातील पिष्ट उशिरा शिजते आणि अंडेही उशिरा आळते. सोड्याचा वायू मात्र आपल्या वेळेवर निघतो. परिणामी केक आधी फुगतो आणि त्याला तोलून धरणारा सांगाडा तयार होण्यापूर्वीच खाली येतो. कोकोचे कोरडे कण पाणी शोषून त्या सांगाड्याला बळकटी आणतात. तेही आम्ही काढून घेतले होते. दूध आणि साखर दोन्ही भट्टीत लवकर लाल होतात, म्हणून कडा करपल्या. बिचाऱ्या भट्टीचा व अंड्यांचा यात काहीही दोष नव्हता.

मावशींनी केलेला हिशेब याच्या उलट होता. साखर नसलेल्या चॉकलेटात अर्धे कोरडे कण आणि अर्धी चरबी; तर मग ती दोन्ही वेगवेगळी आणून एकत्र करावी. प्रमाण असे: एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, साखर नसलेल्या चॉकलेटऐवजी तीन मोठे चमचे कोकोची भुकटी आणि एक मोठा चमचा लोणी अथवा तेल. चार औंसांना बारा चमचे कोको व चार चमचे लोणी. येथे चमचा सपाट भरलेला समजावा. आमच्याकडे शिगोशीग भरण्याची जी सवय आहे ती केकच्या कामी सोडावी लागते. कोको कोरडाच मैद्यात न टाकता त्या वितळलेल्या लोण्यात किंवा पाककृतीतील थोड्या गरम पाण्यात कालवून घेतला तर त्याचा वास खुलतो आणि गुठळ्याही राहत नाहीत. चरबी कोणती घ्यावी यालाही थोडे महत्त्व आहे. कोकोचे लोणी थंड झाल्यावर घट्ट थिजते, तेल थिजत नाही. म्हणून तेल घातलेला केक अधिक मऊ राहतो. ब्राउनीसारखा दाट प्रकार करावयाचा असेल तर लोणी बरे. खोबरेल तेल घालून पाहण्याचा मोह किनाऱ्याकडील भगिनींना होईल, परंतु त्याचा वास कोकोवर कुरघोडी करतो असे आमच्या जिभेचे मत आहे.

कोको न घेता गडद चॉकलेट घ्यावयाचे असेल, तर वेष्टनावर छापलेली टक्केवारी वाचावी. सत्तर टक्के म्हणजे वडीचा सत्तर टक्के भाग कोकोचा (कोरडे कण व लोणी मिळून) आणि बाकीचा मुख्यतः साखर. २८ ग्रॅम निव्वळ लगद्याच्या जागी ही वडी ४० ग्रॅम घ्यावी, कारण चाळिसाचे सत्तर टक्के अठ्ठावीस होतात. तिच्याबरोबर १२ ग्रॅम साखर आपोआप आली; ती पाककृतीतील साखरेतून एक मोठा चमचा वजा करावी. पन्नास टक्क्यांची वडी असेल तर ५६ ग्रॅम घ्यावी आणि सव्वादोन चमचे साखर कमी करावी. याच्या उलटही करता येते. पाककृतीने साठ टक्क्यांचे चॉकलेट १०० ग्रॅम मागितले आहे आणि घरी निव्वळ कडू चॉकलेट आहे, तर साठ ग्रॅम ते आणि चाळीस ग्रॅम साखर. चौथीतल्या मुलाला येईल असे हे गणित आहे; मुलांना जवळ बसवून त्यांच्याकडूनच करून घ्यावे. मात्र काटा हवा. स्वयंपाकघरातील लहान वजनकाटा आता फार महाग राहिलेला नाही, आणि वर्षातून चार केक करणाऱ्या घरालाही त्याची किंमत भरून मिळते.

दुधाच्या चॉकलेटला हा नियम लावू जाल तर फसाल. तितका कोको त्यातून मिळविण्यासाठी इतके चॉकलेट घालावे लागेल की केकचा पेढा होईल. पांढऱ्या चॉकलेटात तर कोकोचे कोरडे कण मुळीच नसतात, केवळ लोणी, दूध आणि साखर. ते काळ्या चॉकलेटची जागा घेऊ शकत नाही, आणि काळे त्याची घेऊ शकत नाही.

नावांवर विसंबू नये, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. 'जर्मन चॉकलेट केक' या नावाचा एक केक आता आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही विकला जातो. त्याचा जर्मनी देशाशी काडीचाही संबंध नाही. अमेरिकेतील बेकर कंपनीत सॅम्युएल जर्मन नावाचा एक कामगार होता. त्याने १८५२ मध्ये भट्टीच्या कामासाठी साखर घातलेले एक गोड चॉकलेट तयार केले, आणि कंपनीने त्यास त्याचेच नाव दिले. पुढे १९५७ मध्ये टेक्सास प्रांतातील डॅलसच्या एका वर्तमानपत्रात एका गृहिणीची पाककृती छापून आली, तीत हेच चॉकलेट होते, आणि केक देशभर गाजला. आता कोणी त्या पाककृतीत जर्मनांचे कडवट चॉकलेट म्हणून गडद कडू वडी घातली, तर आमच्या चुकीची उलटी आवृत्ती तिच्या घरी निघेल.

आता मावशींच्या त्या ताकाच्या प्रश्नाकडे वळू. त्याचा उलगडा झाला तो दुसऱ्याच एका प्रसंगाने, आणि तो प्रसंग अधिक दुःखाचा होता.

शेजारच्या गावातील एक तरुण मुलगी घरी केक करून विकते. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. घरखर्चाचा मोठा भाग तिच्या केकांवर चालतो. एप्रिल महिन्यात एका मुलाच्या प्रथम कम्युनियनच्या समारंभासाठी तिला चाळीस माणसांच्या केकची मागणी आली. पाककृती तिच्या नेहमीच्या हातातली: मैदा, साखर, तेल, दूध, कोको व खाण्याचा सोडा. त्या खेपेस मोठ्या समारंभासाठी म्हणून तिने नेहमीपेक्षा महाग आणि अधिक काळा कोको आणला. केक नीट फुगला नाही आणि खाताना तोंडात साबणाची चव येऊ लागली. पाहुणे सभ्य होते, कोणी काही बोलले नाही. पण पानांवर केक तसाच राहिला. मुलीने पैसे घेण्याचे नाकारले. साहित्याला घातलेले तर गेलेच. ती आम्हाला म्हणाली, "फादर, या खेपेला मी कशातच कसूर केली नव्हती. कोकोसुद्धा चांगल्यातला आणला."

यात तिचा दोष इतकाच की, कोकोच्या दोन जाती असतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. नैसर्गिक कोको किंचित आंबट असतो. रंगाने तांबूस तपकिरी. दुसरा तो डच पद्धतीचा. व्हान हौटेन यांनीच ही रीत काढली: कोकोवर क्षाराचा संस्कार करावयाचा, म्हणजे त्याचा आंबटपणा मोडतो, रंग गडद होतो व चव सौम्य होते. दोन्ही उत्तम वस्तू आहेत. परंतु खाण्याचा सोडा स्वतः क्षार आहे. त्यास आंबट पदार्थ भेटला तरच त्यातून वायू भराभर निघतो आणि सोडा त्यात खर्ची पडतो. या मुलीच्या पाककृतीत आंबट असा पदार्थ एकच होता, तो म्हणजे नैसर्गिक कोको. तो गेला आणि त्याच्या जागी क्षार-संस्कार झालेला कोको आला. मग सोडा अर्धामुर्धा तसाच राहिला. साबणाची चव ती त्याचीच.

आमच्या नाताळच्या केकमध्ये ताक होते. सोड्याला लागणारी आंबटाई ताकाने पुरविली असती, मग कोको कोणत्याही जातीचा असो. मावशींनी तो प्रश्न का विचारला ते आता ध्यानात आले. पुण्याच्या बेकरीत रसायनशास्त्र शिकवीत नसतील, परंतु त्यांना ते पक्के येत होते.

तेव्हा काळा कोको घरी असेल आणि पाककृतीत सोडा असेल, तर आधी दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर यांपैकी काही आहे का ते पाहावे. असल्यास बहुधा चिंता नाही. नसल्यास दोन मार्ग आहेत. अर्धा चहाचा चमचा सोडा असेल तर तो वगळून दीड ते दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर घालावी. तिच्यात सोड्याला लागणारे आम्ल आधीच मिसळलेले असते. अथवा सोडा तसाच ठेवून, एक कप दुधाच्या जागी एक कप आंबट ताक घालावे. अर्ध्या चहाच्या चमच्याला तेवढे ताक पुरते. उलट बाजूने, म्हणजे काळा कोको आणि बेकिंग पावडर सांगितलेली असताना नैसर्गिक कोको घातला, तर फारसे बिघडत नाही. रंग थोडा फिका व चव थोडी तीक्ष्ण होते इतकेच.

जात ओळखावी कशी? वेष्टनाच्या मागील बारीक अक्षरे वाचून. घटकांच्या यादीत आम्लता-नियामक म्हणून ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला तर तो कोको क्षाराचा संस्कार केलेला समजावा. यादीत कोकोवाचून दुसरे काहीच नसेल तर तो बहुधा नैसर्गिक. ही यादी आणखीही एका कामाची आहे. तीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पिण्याच्या चॉकलेटच्या डब्यावर पहिले नाव जर साखरेचे असेल, तर तो डबा कोकोच्या जागी चालणार नाही, वरती चित्र कितीही काळे असो. आमच्या माहितीतील दोन-तीन घरांतील केक याच डब्याने बिघडविले आहेत.

चष्मा लावून यादी वाचताना 'कंपाउंड' हा शब्दही पुष्कळदा भेटेल. हल्ली तालुक्याच्या गावीही एक-एक किलोच्या ज्या मोठ्या लाद्या मिळतात, त्यांतील बऱ्याच या जातीच्या असतात. यात कोकोची भुकटी व साखर असते, परंतु कोकोच्या लोण्याच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेली असते. हा शब्द ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. खऱ्या चॉकलेटातील लोणी सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेहून थोडे खाली, वितळते. जिभेवर ते जे विरघळते त्याचे मर्म हेच. पण तेच खरे चॉकलेट वितळवून केकवर ओतावयाचे तर त्याला ठराविक अंशांवर थंड-गरम करीत जमवावे लागते, नाहीतर ते चकाकत नाही व नीट थिजतही नाही. कंपाउंड वितळवा, ओता, थिजले. वैशाखाच्या उन्हात, पंख्याखाली बसून केक सजविणाऱ्या त्या मुलीला याखेरीज दुसरे काय परवडणार? वरच्या लेपासाठी तिने ते जरूर वापरावे. केकच्या मिश्रणातही ते खपून जाते. साखर पुष्कळ असल्याने पाककृतीतील साखर थोडी कमी करावी. तोंडात मात्र ते किंचित मेणचट लागते, आणि मलई घालून दाट लेप करावयाचा असेल तर तो फरक चांगलाच जाणवतो. काटकसर म्हणून अर्धे खरे व अर्धे कंपाउंड एकत्र वितळवून लेप करू नये. दोन चरब्यांचे परस्परांशी पटत नाही. लेप मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर पांढरट डाग उमटतात. गिऱ्हाइकाने विचारले तर लेप कशाचा आहे हे खरे सांगावे, हे वेगळे सांगावयास नको.

त्या पांढरट डागांविषयी थोडे अधिक. उन्हाळ्यात दुकानातील चॉकलेट मऊ होऊन पुन्हा थिजले की त्यावर पांढरी साय आल्यासारखी दिसते. पुष्कळ भगिनी त्याला बुरशी समजून टाकून देतात. ती बुरशी नसून वर आलेले कोकोचे लोणी असते. खाताना अशी वडी भुसभुशीत लागते खरी, पण वितळवून केकमध्ये घातल्यास तिच्यात व नव्या वडीत काडीचा फरक राहत नाही. मुदत उलटलेली नसेल आणि वासही ठीक असेल, तर असली वडी दुकानदाराकडून कमी भावात मागून घ्यावी. वितळविताना भांड्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नये. थेंबभर पाण्याने वितळलेले चॉकलेट आवळून रेताड गोळा होते. तसे झालेच तर फेकू नये. गरम दूध किंवा पाणी चमचा चमचा घालून घोटावे, ते पुन्हा सैल होते. लेपाला ते चालणार नाही, पण मिश्रणाला चालेल.

आता कोणी म्हणेल, इतका हिशेब कशाला, अडल्यावेळी हाताला लागेल ते घालावे आणि चांगले निघाले तर देवाची कृपा. अशा वेळी बिस्किटांची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील व्हिटमन गावी रूथ वेकफील्ड नावाच्या बाई पतीसह १९३० पासून टोल हाउस नावाची खाणावळ चालवीत. एके दिवशी म्हणे त्यांच्याकडील भट्टीचे चॉकलेट संपले, त्यांनी गोड चॉकलेटच्या वडीचे तुकडे करून मिश्रणात टाकले, ते विरघळून सर्वत्र पसरतील असे त्यांना वाटले, आणि ते तसेच राहिल्यामुळे जगाला चॉकलेटच्या तुकड्यांची बिस्किटे मिळाली. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. बाई गृहशास्त्र शिकलेल्या होत्या. वडीचे तुकडे विरघळून मिश्रणात मिसळत नाहीत हे त्यांना ठाऊक नसणे संभवत नाही. आपण एक नवे बिस्किट तयार करावे म्हणून मुद्दाम खटपट केली, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. १९३८ च्या सुमारास ते बिस्किट प्रसिद्धीस आले. आज चिप्स म्हणून जे चॉकलेटचे लहान दाणे मिळतात ते त्याच बिस्किटांच्या मागणीतून निघाले. त्यांत बहुधा कोकोचे लोणी कमी ठेवलेले असते, म्हणजे भट्टीत दाण्याचा आकार मोडू नये. त्यामुळे लेपासाठी चिप्स वितळवू गेल्यास ते दाट आणि आडमुठे होतात. तेथे वडीच बरी.

तुकड्यांच्या बिस्किटांत मात्र कोणते चॉकलेट घालावे याला बंधन नाही. तेथे चॉकलेट मिश्रणात विरघळत नाही, मिश्रणाचा हिशेब बिघडवीत नाही. गडद, दुधाचे, पांढरे, ज्याची जशी आवड. हे कळल्यावर आमच्या कपाटात पडून राहिलेल्या नऊशे ग्रॅम वड्यांची चिंता मिटली. जानेवारीत महिला मंडळाने त्यांचे सुरीने तुकडे केले, बिस्किटे भाजली आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना वाटली. बसलेल्या चार केकांचे काय झाले असे काहींनी विचारले होते. ते कुस्करून, दुधात भिजवून, दोन अंडी घालून पुन्हा वाफविले आणि पुडिंग म्हणून आम्ही सर्वांनी मिळून खाल्ले. गोड होते.

त्या मुलीने आता आपल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत. एकावर 'तांबडा, सोडा चालतो' आणि दुसऱ्यावर 'काळा, पावडर किंवा ताक' असे लिहिले आहे. ज्या घरचा केक बिघडला होता त्याच घरातून मे महिन्यात तिला पुन्हा एका वाढदिवसाची मागणी आली.

आणि यंदाच्या नाताळची यादी मावशींनी आतापासूनच करून ठेवली आहे. केक बाराच आहेत. यादी मोबाइलवर न पाठविता त्यांनी ती वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहून आमच्या हातात दिली. तिची शेवटची ओळ अशी आहे: "चॉकलेट साखर नसलेले. न मिळाल्यास कोको दीड पाव किलोचे दोन डबे. फादरांनी दुसरे काहीही आणू नये."